पालीला, असंच

बीडहून पालीच्या धरणावर जायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ आम्हाला आमच्याच घराचा जिना उतरायला लागला. त्यावरूनच मला कळायला हवं होतं. पण मूल झाल्यापासून मला गोष्टी जरा उशिराच कळतात, आणि कळतात तेव्हा त्या होऊन गेलेल्या असतात.

कल्पना माझीच होती. शंभूला पाजत बसलेली बाई एका हातानं मोबाइलच बघणार, दुसरं काय करणार? आणि ऑक्टोबर लागला की मोबाइलमध्ये सगळीकडे शरद ऋतू येतो. कुठल्या कुठल्या गावच्या बाया लोकरी टोप्या घालून लालपिवळ्या पानांच्या ढिगात बसलेल्या असतात, हातात कॉफी, आणि खाली लिहिलेलं असतं की या दिवसांत घरात बसू नका, बाहेर पडा. मी खिडकीतून बाहेर बघितलं. आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाचं एक पान पिवळं नव्हतं. आमच्याकडे पानं गळतात ती शिमग्याला. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे सकाळी शाल लागते, दुपारी कूलर लागतो आणि संध्याकाळी डॉक्टर लागतो. याला ऋतू म्हणायचं की नुसती गडबड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तरी पण मला आठवलं, की या दिवसांत पालीचं धरण भरलेलं असतं. कडेचं गवत वाळून सोनेरी होतं आणि माळावर तरवड फुलतो, हळद सांडल्यासारखा. त्या पिवळ्या तरवडात शंभूला बसवायचं आणि त्याच्या केसांचा एक फोटो काढायचा, एवढंच माझ्या मनात होतं.

केसांचा म्हणजे, कुरळ्यांचा. कानांवरून खाली उतरलेले, मानेपाशी गोल वळलेले, घामानं ओले झाले की जिलेबीसारखे चिकटणारे. दूध पिताना तो माझा पदर धरतो आणि मी एक बट बोटाला गुंडाळते, असा आमच्या दोघांचा गुपचूप करार आहे. आणि या करारावर आमच्या सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा, डोळा होता. जावळ वर्षाच्या आत काढायचं. वर्ष उलटलं की दुसऱ्या वर्षी चालत नाही, मग थेट तिसऱ्यात. शंभूला अकरावा लागलेला. तुळशीच्या लग्नाला त्याचं वर्ष भरत होतं. मधे दिवाळी, पाहुणे, फराळ. मी जावळाचा विषयच काढायचा नाही, घाईत सगळ्यांनी विसरून जायचं आणि बघता बघता वर्ष उलटायचं, असा माझा बेत होता. पुढं वर्षभर तरी ते कुरळे माझे.

म्हणून मी अगदी सहज, भाकरी उलटताना म्हटलं, "आत्याबाई, रविवारी आम्ही शंभूला घेऊन पालीला जाऊन येतो."

"कशाला गं?"

"असंच."

इथं चूक झाली. आमच्या भागात दवाखान्याला माणूस असंच जात नाही, बाजाराला जात नाही, माहेरी तर मुळीच जात नाही. अकरा महिन्यांचं लेकरू घेऊन पाण्याच्या कडेला बाई असंच चालली, यावर आमच्याकडे शेंबडं पोरगंसुद्धा विश्वास ठेवणार नाही. पण मला वाटलं, आत्याबाईंनी ठेवला. त्या माझ्याकडे बघून हसल्या, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा म्हणाल्या, "जा बाई. लई चांगलं केलंस. मला सांगायची लाज वाटली व्हय?"

मला वाटलं, फिरायला जायची लाज.

रामेश्वर, म्हणजे आमचे हे, शाळेत क्लार्क आहेत. त्यांनी कल्पनेला तत्त्वतः मंजुरी दिली आणि अंमलबजावणी माझ्यावर सोडली. मोटारसायकलवर आम्ही तिघं, एका पिशवीत धपाटे, दह्याचा डबा, एक सतरंजी. बास.

रविवारी सकाळी मी शंभूला नवं झबलं घालून दार उघडलं, तर जिन्यात आत्याबाई उभ्या. हिरवं इरकल, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात ताट आणि ताटावर फडकं.

"तुम्ही पण येताय?"

"मंग? मी नगं का?"

फडक्याखाली काय आहे, हे मी विचारलं. "असू दे," म्हणाल्या. मी असू दिलं. कुणी फिरायला जाताना खाऊ नेतं, कुणी हळदीकुंकू नेत असेल.

खालच्या मजल्यावर विठ्ठलराव आणि जानकीबाई राहतात. विठ्ठलराव मोजणी खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या गोष्टी मोजतात. ते पायरीवर आडवेच उभे होते.

"पालीला? आज वारा उत्तरेचा आहे. लेकराच्या कानात गेला तर आठवडाभर निस्तराल."

"काका, ऊन बघा किती आहे."

"ऊन दिसतं, वारा दिसत नाही. म्हणूनच तो बाधतो."

जानकीबाईंनी आतून लोकरीची कानटोपी आणली आणि शंभूच्या डोक्यावर घालून गळ्याखाली घट्ट गाठ मारली. शंभू टोपीतून माझ्याकडे, आपण कुठल्या देशात चाललोय अशा नजरेनं बघायला लागला. मी त्याला काय सांगणार? मलाही माहीत नव्हतं, कारण तेवढ्यात जानकीबाईंनी चपला घातल्या होत्या.

"असल्या कामाला सवाशीण लागती," त्या म्हणाल्या. "नारळ मी घेतलाय."

"कसल्या कामाला?"

"चल, चल. ऊन व्हतंय."

जानकीबाई आल्या म्हणून विठ्ठलराव आले. विठ्ठलराव आले म्हणून मोटारसायकल गेली आणि टमटम आला. टमटममध्ये माझ्या मांडीवर शंभू, शंभूच्या मांडीवर नारळ, आणि समोर आत्याबाई सारख्या माझ्या गालावरून हात फिरवतायत. लग्नातसुद्धा एवढा फिरवला नव्हता. रामेश्वर ड्रायव्हरशेजारी अर्धे आत, अर्धे बाहेर लटकलेले. मी त्यांना हाक मारून विचारलं, "अहो, हे चाललंय काय?" ते वाऱ्यात ओरडले, "मला वाटलं, तुला माहिती आहे!"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन काढलेली रानं मोकळी पडली होती. पाटीत सीताफळं घेऊन बसलेल्या बाया, एखादं फुललेलं तरवडाचं झुडूप. मनात म्हटलं, चला, माणसं जास्त झाली तरी ऋतू तोच आहे. मी ठरवलं की आनंद घ्यायचा. ठरवून घेतलेला आनंद टमटममध्ये फार टिकत नाही, पण मी प्रयत्न केला.

धरणाच्या तोंडाशी वॉचमननं काठी आडवी धरली.

"परवानगी हाय का?"

रामेश्वर क्लार्क असल्यामुळे त्या शब्दानं ते आपोआप खाली उतरले. "कशाची परवानगी?"

"ते तुमी सांगायचं. कशाला आलाव?"

"फिरायला."

"फिरायला!" वॉचमननं टमटममध्ये डोकावून ताट बघितलं, नारळ बघितला, आत्याबाईंचं कुंकू बघितलं. "सायेब, मी काय येडा दिसतो का? पाण्यात उतरायचं न्हाई, चूल पेटवायची न्हाई, पार्टी करायची न्हाई."

"पण आम्ही नुसतं बघणार आहोत," मी म्हटलं.

"काय बघणार?"

"ऋतू."

त्यानं काठी आणखी घट्ट धरली. विठ्ठलराव पुढं सरसावले. त्यांनी सांगितलं की भिंत पाटबंधाऱ्याची, खालची जमीन महसुलाची आणि रस्ता तिसऱ्याचाच, त्यामुळे परवानगी कुणाची हा प्रश्न मूलभूत आहे. वॉचमन म्हणाला, त्याला मूलभूत काही ठाऊक नाही, त्याला काठी दिली आहे. रामेश्वर खिशात पेन शोधायला लागले. मला वाटलं आता अर्ज लिहितात. तेवढ्यात उकाड्यानं शंभूनं टोपीतून भोकाड पसरलं आणि वॉचमनचा चेहरा एकदम उजळला.

"आरं, जावळ हाय व्हय! मंग तसं सांगा की! जावळाला कोण अडिवतंय? खाली आसरांच्या ठाण्यापशी जा. तुमचा न्हावी आन् बोकड कवाच फुडं गेलेत."

टमटम सुरू झाला. मी म्हटलं, "कुणाचा बोकड?"

आत्याबाईंनी पुन्हा माझ्या गालावरून हात फिरवला. आणि तेव्हा, भिंतीवरून खाली उतरताना, ते भरलेलं निळं पाणी, ते सोनेरी गवत, तो तरवड, सगळं डोळ्यांसमोर असताना मला काहीच दिसेना. मी नुसती शंभूची टोपी दोन्ही हातांनी दाबून धरली.

खाली पाण्याच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या आसरा, पाण्याच्या देवी; आमच्या भागातली जावळं त्यांच्यापुढंच निघतात. त्यांच्यापुढं जागा झाडून, सडा टाकून ठेवलेली. एक छोटा हत्ती टेम्पो उभा. बाभळीला बांधलेला काळा बोकड, गळ्यात तरवडाच्या फुलांची माळ, आणि ती माळ तो स्वतःच खात होता. आणि माझा धाकटा भाऊ युवराज, पांढरीफेक टोपी, नवा सदरा, पळत माझ्याकडे.

"आक्का! तू सांगितलं न्हाईस, पर आत्याबाईचा फोन आलता. म्हणल्या, पालीला चाललेत शंभूला घेऊन. मला बाकीचं सांगाया लागतंय का? म्या गाडीच थांबवली मुकादमाची. म्हणलं, टोळी दोन दिस मागं निघंल, पर भाच्याचं जावळ मामाच्याच मांडीवर निघंल."

युवराज आणि त्याची बायको शिवकन्या दर वर्षी दिवाळीच्या आधी ऊसतोडीला जातात, थेट कर्नाटकातल्या कारखान्यावर. परत येतात ती उन्हाळ्यात. म्हणजे आज नाही तर वर्षाच्या आत मामा नाही, आणि मामा नाही तर मांडी नाही. हे गणित मी करून ठेवलेलंच होतं, पण माझ्या बाजूनं. त्या वेळी युवराजचा चेहरा माझ्यासमोर नव्हता. आता होता, आणि तो लाडवासारखा फुललेला होता. शिवकन्येनं पिशवीतून झबलं काढून दाखवलं. तिनं स्वतः शिवलेलं, बगलेत थोडं वाकडं, आणि त्यावर कापडाची जांभळी बदकं.

"कसं हाय, आक्का?"

"छान आहे गं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? असंच फिरायला आलोय, म्हणणार होते?

तरी मी सहजासहजी हार मानली नाही. आधी म्हटलं, "शंभू झोपलाय." सगळे म्हणाले, वा, मग तर उत्तमच. शंभूनं लगेच डोळे उघडले. मग म्हटलं, "जागा झाला, आता हलेल." सगळे म्हणाले, जागा असलेला बरा, झोपेत दचकतं. मी रामेश्वरांकडे बघितलं. यांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि बोकडाला पाणी पाजायला निघून गेले. शेवटी मी विठ्ठलरावांकडे आशेनं वळले. आयुष्यभर त्यांनी कुठल्या गोष्टीला हरकत घेतली नाही असं झालं नव्हतं.

"काका, आज दिवस कसा आहे?"

त्यांनी बोटांवर मोजलं, आकाशाकडे बघितलं, वारा बघितला. "आश्चर्य आहे," ते म्हणाले. "काहीच दोष सापडत नाही."

तेवढ्यात जानकीबाई किंचाळल्या. त्या माळकरी. इतका वेळ त्यांचं बोकडाकडे लक्ष नव्हतं.

"युवराज, हे काय रे बाबा?"

युवराजनं त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली आणि टोपी नीट केली. "हे व्हय, काकू? हे आपलं... हवा खाया आणलंय."

"बोकडाला?"

"घरी लई बसून असतंय."

जानकीबाईंनी मान हलवली, पण धपाट्यांचा डबा उचलून दूरच्या दगडावर ठेवला, म्हणजे बोकडाच्या बरोबर तोंडाशी. त्यानं आधी धपाटे खाल्ले, मग दह्यात तोंड घातलं, मग डब्याचं झाकण चाटलं. तोपर्यंत वॉचमन काठी घेऊन खाली आला होता आणि त्यानं पुन्हा बजावलं की पाण्यापाशी चूल पेटणार नाही म्हणजे नाही. त्यामुळे बोकड संध्याकाळी होता तसा टेम्पोत बसून माझ्या माहेरी, युसूफ वडगावला, परत गेला. त्या दिवशी बाहेर पडून ऋतूचा आनंद कुणी घेतला असेल, तर तो त्यानं.

"निदान एक फोटो काढू द्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आत्याबाईंनासुद्धा तो ऐकून काहीतरी वाटलं असावं. "काढू द्या की तिला," म्हणाल्या.

मी शंभूला तरवडात बसवलं. लगेच युवराज मागं उभा राहिला, शिवकन्या शेजारी, विठ्ठलराव उन्हाची दिशा सांगायला मधोमध. रामेश्वरांनी भराभर फोटो काढले. मी मोबाइल घेतला आणि बघितलं. सगळं आलं होतं, तरवड, पाणी, जांभळी बदकं. आणि शंभू कानटोपीत.

गाठ कुणाला सुटेना. टोपीची गाठ शेवटी त्रिंबकनं सोडवली. त्रिंबक म्हणजे न्हावी. त्यानं धोकटी उघडलेली होती आणि वस्तरा तळहातावर घासत होता. टोपी निघाली तसे सगळे कुरळे एकदम उसळून वर आले, घामानं ओले, आणि मी म्हणणार होते की थांबा, आता एक फोटो. पण तेवढ्यात युवराजनं त्याला मांडीवर घेतलं.

शंभू परक्या माणसाकडे जात नाही. मला वाटलं, आता रडेल, आणि रडला की मी घेईन, आणि घेतला की देणार नाही. पण तो युवराजच्या मिशीकडे बघत बसला. मग दोन्ही हातांनी त्यानं ती मिशी धरली. युवराजच्या डोळ्यांत पाणी आलं, थोडं मिशी ओढल्यामुळे, बाकीचं कशामुळे ते मला माहीत आहे. सहा महिने हा भाऊ उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, झोपणार. मी तोंड पाण्याकडे फिरवलं.

पहिली बट युवराजनं कापली. आत्याबाईंनी पुढं धरलेल्या नव्या टॉवेलात ती पडली, गोल, जशी माझ्या बोटावर असायची तशी. मग त्रिंबकचा वस्तरा फिरायला लागला. मी मोजायचं नाही ठरवलं. मी फक्त त्या टॉवेलाकडे बघत होते, आणि तो भरत होता.

अर्ध्याअधिक डोक्यावर त्रिंबक थांबला. वाकून बघितलं. पाणी लावलं, पुन्हा बघितलं.

"काय झालं? लागलं का?" मी धावले.

"लागलं न्हाई ताई." त्यानं आवाज खाली आणला. "पर भवरे दोन हायत."

सगळे शंभूच्या डोक्यावर वाकले. बोकडसुद्धा चघळायचं थांबला. कुरळ्यांखाली इतके दिवस कुणाला दिसलं नव्हतं. डोक्यावर मागच्या बाजूला एक भोवरा, आणि त्याच्या शेजारी, अगदी खेटून, दुसरा.

आत्याबाई टॉवेल घेऊन मटकन खाली बसल्या. "दोन भवरे म्हंजे दोन बायका! आगं बाई, माझ्या नातवाला दोन लग्नं!"

"हे आमच्याकडून नाही," विठ्ठलरावांनी विनाकारण जाहीर केलं.

"आमच्याकडून तर न्हाईच," आत्याबाई म्हणाल्या. "रामेश्वर, हिकडं ये. वाक."

रामेश्वर वाकले. भर दुपारी, आसरांपुढं, शाळेच्या क्लार्कचं डोकं त्रिंबकनं बोटांनी विंचरून तपासलं. एकच निघाला, आणि तोही विरळ झालेला. आत्याबाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्याकडे बघितलं. मी पदर डोक्यावरून घट्ट ओढला.

तेव्हा युवराजनं मांडीवरचा शंभू न हलवता एका हातानं आपली टोपी काढली.

"माझ्यावर गेलंय आत्याबाई. मला बी दोन हायत."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. मागं, शेजारी शेजारी, खेटून. आजवर घरात येणारा प्रत्येक माणूस म्हणत होता की शंभू हुबेहूब बापावर, नाक आत्याबाईंचं, कपाळ आजोबांचं, माझं म्हणजे फक्त दूध. आणि आता ती दोन डोकी एकमेकांजवळ, तशीच लांबट, तशीच मागं थोडी दबलेली. एक मोठं, एक छोटं. मला हसू आलं आणि ते कुठं लपवावं कळेना.

"मंग तुझी दुसरी कुठं हाय रे?" आत्याबाईंनी दरडावून विचारलं.

"दुसरी कशाची! एकच पदरात पडलीय, तीच मला आवरंना."

शिवकन्येनं त्याच्या पाठीत धपका घातला. "आनू दे की दुसरी. आपुन दोघं म्हंजे एक कोयता. ती आली की दीड कोयता व्हईल. मुकादम आगाऊ उचल वाढवून देईल. मी झोपते कोपीत, ती मोळ्या बांधील."

सगळे हसले, त्रिंबक हसला, शंभूही हसला. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या नातवाच्या डोक्याकडे टक लावून होत्या आणि त्यांच्या मनात भविष्यकाळातले सोयरे येऊन बसलेले मला दिसत होते. चहा पिता पिता पोरीचा बाप मागून वाकून बघतोय, असं काहीतरी.

"त्रिंबक," त्या शेवटी म्हणाल्या, "उरलेलं काढ आन् झालं. पर हे आज बघितलं ते हितंच ठेवायचं. आन् अंजू, तू ध्यानात ठेव. ह्याच्यानंतर ह्याच्या डोक्याला कातर लावायची न्हाई. चांगले खांद्यापतुर वाढू दे. झाकून गेलं पायजे समदं."

"तिसऱ्या वर्षापर्यंत?" मी हळूच विचारलं.

"कशाचं तिसरं वर्ष! लग्नापतुर म्हणते मी."

त्याला आता पंधरा दिवस झाले. युवराजची टोळी कारखान्यावर पोचली. फोन करतो तेव्हा आधी विचारतो, "माझं डोकं कसं हाय?" आत्याबाई रोज सकाळी शंभूला पायांवर घेऊन डोक्याला खोबरेल, माका, कांद्याचा रस, कुणी सांगेल ते चोळतात आणि मला हाक मारतात, "आले का गं? बघ की." मी बघते. दूध पिताना तो पदर धरतो आणि मी त्या दोन भोवऱ्यांवरून बोट फिरवते, एकावरून दुसऱ्यावर. केस येतायत खरे. कुरळे येणार की सरळ, ते अजून समजत नाही. नुसते टोचतात.